बांगडीतली गळती

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर मी वहिनीचं नाव घेतो. ऐकणाऱ्याला वाटतं, मी गंमत करतोय. ज्यांच्या हाताखाली पीएच.डी. केली ते सर आहेत, आईवडील आहेत, शाळेतले मास्तर आहेत, आणि हा सांगतो वहिनी. पण मी पुष्कळ विचार करून सांगतो. माझ्या थोरल्या भावाचं लग्न झालं आणि वहिनी आमच्या डभोईच्या घरात आली, तेव्हा मी नववीत होतो. ती आली नसती तर मी आज एखाद्या कारखान्यात पाळीवर असतो. तेही काम मी मन लावूनच केलं असतं, त्यात कमीपणा काही नाही. पण प्लाझ्मा हा शब्द मला रक्तपेढीच्या पाटीपलीकडे कधी भेटला नसता.

वडील डभोईला रेल्वेत फाटकावर होते. आजोबा खानदेशातून इकडे आले तेही रेल्वेमुळेच. घरात मराठी आणि दाराबाहेर गुजराती, आणि माझी शाळाही गुजराती माध्यमाची. त्यामुळे मला मराठी बोलता यायचं, लिहिता यायचं नाही. वहिनी बडोद्याची, कारकुनाची मुलगी, मराठी शाळेत शिकलेली. बारावीनंतर तिला बी.कॉम. करायचं होतं, तेवढ्यात लग्न ठरलं. त्याबद्दल तिने कधी कुरकूर केली नाही. फक्त माझं दप्तर तिच्या ताब्यात गेलं. पहिल्याच उन्हाळ्याच्या सुट्टीत तिने मला मराठी लिहायला बसवलं. काहीही लिहा, म्हणाली, पण रोज लिहा. काय लिहावं ते मला कळायचं नाही, म्हणून घरात घडलं ते लिहायचो. पाहुणे आले, लाइट गेली, कढी पातळ झाली. ती शांतपणे वाचायची आणि म्हणायची, "भावोजी, कढी मी केली होती."

मी तिच्याहून बराच लहान, तरी ती मला अहो-जाहो करायची आणि मी तिला अगं-तुगं. आमच्या घरात ते तसंच पडून गेलं आणि कोणाला कधी विचित्र वाटलं नाही.

मी बी.एस्सी. झालो. आमच्या घरातला पहिला पदवीधर. आईने निकालाचा कागद देवापुढे ठेवला. दादाही रेल्वेतच होता, आणि तोवर त्याची बडोद्याला बदली झाली होती. शहराबाहेरच्या एका केमिकल प्लांटमधल्या मित्राकडे त्याने माझ्यासाठी शब्द टाकून ठेवला होता. त्याचं काही चुकत नव्हतं. माझ्या वयाचा असताना तो डोक्यावर दिवा बांधून रूळ तपासत फिरत होता, आणि मला सावलीतली नोकरी मिळावी एवढंच त्याला वाटत होतं. जेवताना हा विषय निघाला. वहिनी वाढत होती. वाढता वाढताच ती दादाला म्हणाली, "तिकीट शेवटच्या स्टेशनचं काढलंय. मधे कशाला उतरवता?"

दादाने आणखी एक भाकरी घेतली आणि मी एम.एस्सी.ला गेलो.

दादाने बडोद्यातच वासण्याला दोन खोल्या भाड्याने घेतल्या होत्या, तिथे मी राहायला आलो. सकाळी बसने सयाजीगंजला विद्यापीठात जायचं, संध्याकाळी परत. एम.एस्सी. झालं, मग सरांनी मला पीएच.डी.ला घेतलं. सर बडोद्याचेच, गुजराती, बोलायला मोजके. त्यांचा विषय चुंबकीय भट्टीतला प्लाझ्मा.

तो विषय मी वहिनीला पहिल्यांदा समजावला, तसाच इथे सांगतो. सूर्याच्या पोटात जे चाललंय ते जमिनीवर करून वीज मिळवायची, असा जगभर प्रयत्न आहे. त्यासाठी हायड्रोजन इतका तापवावा लागतो की त्याचे अणू फुटतात आणि विजेचा भार असलेल्या कणांचा वायू होतो. तोच प्लाझ्मा. कुठलंही भांडं त्याला धरू शकत नाही. म्हणून एका पोकळ बांगडीसारख्या नळीत, चुंबकांच्या जोरावर, भिंतींना न लागता तो फिरत ठेवतात. त्याच्या गाभ्यात भयंकर उष्णता, कडेला त्या मानाने थंड. आणि जिथे एवढा फरक तिथे खळबळ आलीच. लहानलहान भोवरे उठतात, गाभ्यातली उष्णता थोडी थोडी उचलून कडेला नेऊन टाकतात. उष्णता अशी गळत राहिली तर भट्टी पेटत नाही. ती गळती किती होईल आणि कशाने कमी होईल, हे संगणकावर प्लाझ्मा उभा करून बघायचं, हे माझं काम.

"म्हणजे तुम्ही बांगडी करत नाही," वहिनी म्हणाली, "बांगडीचं चित्र करता."

"चित्र नाही गं, हिशेब."

"बरं. बांगडीचा हिशेब."

त्या दिवसापासून ते नाव पडलं. दादा घरी आला की विचारायचा, बांगडीवाले आले का?

वहिनी घरी साड्यांना फॉल-बिडिंग करून द्यायची. जेवणं झाली की ती दाराजवळच्या स्टुलावर मांडीत साडी घेऊन बसायची, आणि मी समोर फरशीवर. आज काय केलं ते सांगायचं, हा तिचा नियम. इंग्रजी चालायचं नाही. 'तुला नाही कळणार' तर मुळीच चालायचं नाही. मी कुठे 'वगैरे' म्हणून पुढे सरकलो तर ती दोरा दातांनी तोडायची आणि नुसती बघायची. मग मागे जाऊन नीट सांगावं लागायचं. ती काही शंका काढायची नाही, चुका दाखवायची नाही. तिला ऐकायचं असायचं. आमच्या घरात शिक्षणाबद्दल प्रत्येकाला आदर होता, पण माझं ऐकून घेणारी ती एकटी होती. तिला सांगता सांगता माझी भाषा तयार झाली. आज मी विद्यार्थ्यांपुढे उभा राहतो तेव्हा डोळ्यांसमोर ते स्टूलच असतं.

नवरात्रात ती आम्हाला गरब्याला न्यायची. बडोद्याचं मोठं मैदान, हजारो माणसं, वर्तुळात वर्तुळ आणि त्याच्या आत वर्तुळ. दादा नाचायचा नाही. तो कडेला चपला सांभाळत बसायचा. एका वर्षी मी आणि वहिनी शेजारी शेजारी उभे राहिलो, पण ती आतल्या वर्तुळात आणि मी बाहेरच्या. ताल सुरू झाला आणि दोन टाळ्यांत ती कुठल्या कुठे गेली. आतलं वर्तुळ वेगाने धावत होतं, माझं संथ. मी तिच्यासाठी थांबायला गेलो, तर पुढच्यांनी ओढलं आणि मागच्यांनी ढकललं. शेवटी आम्ही चपलांपाशी भेटलो. वहिनी दादाला म्हणाली, तुमचा भाऊ हरवला होता, शोधून आणला. हे इथे सांगून ठेवतो, कारण पुढे त्याचं काम आहे.

आता माझ्या शोधाची गोष्ट.

पहिल्या वर्षी सरांच्या गटातला जुना, पारखलेला प्रोग्राम मला मिळाला. सरांचा एक दंडक होता. कोणीही नवा निकाल आणला की त्याआधी पट्ट्याची परीक्षा दाखवायची. पट्टा म्हणजे असं, की भोवरे खूप वाढले की त्यांच्याच रेट्यातून प्लाझ्मात प्रवाहाचे पट्टे तयार होतात. एक पट्टा इकडे वाहतो, शेजारचा तिकडे. त्या दोहोंच्या मधे सापडलेला भोवरा ताणला जातो आणि फाटतो. खळबळ स्वतःच स्वतःला आवर घालते. म्हणून संगणकातला पट्टा खरा आहे ना, हे आधी बघायचं. शांत प्लाझ्मात एकच पट्टा सोडायचा. तो थोडा डळमळतो, थोडा ओसरतो आणि मग टिकून राहतो. टिकला तर पास. मी ती परीक्षा सुरुवातीलाच देऊन टाकली आणि कामाला लागलो.

पुढे वर्षभर मी अगदी बारीक भोवऱ्यांवर काम केलं. त्यासाठी प्रोग्राममधला एक नियम बदलला. मग सरांनी पुन्हा मोठ्या भोवऱ्यांकडे वळवलं. आणि उत्तरायणानंतर, म्हणजे संक्रांतीनंतर, माझ्या आलेखात दिसायला लागलं की उष्णतेची गळती सगळे सांगतात त्याच्या कितीतरी पट आहे. पट्टे जवळजवळ उठतच नव्हते, भोवरे मोकाट सुटले होते. मी हिशेबातल्या कणांची संख्या बदलून पाहिली, चौकट मोठी केली, काळाचं पाऊल लहान केलं. उत्तर तेच. सर सावध होते, पण त्यांचे डोळे चमकले होते. एका परिषदेसाठी आम्ही दोघांच्या नावाने सारांश पाठवला.

मी वहिनीला सांगितलं की बांगडीत मोठी गळती सापडली, ह्याआधी कोणी एवढी सांगितली नव्हती. ती उठली, साखरेचा डबा काढला, माझ्या हातावर चिमूटभर साखर ठेवली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत सगळ्या सोसायटीला खबर पोचली. संध्याकाळी मी बसमधून उतरलो तर वरच्या मजल्यावरच्या बेन जिन्यात उभ्याच होत्या. "भाई, तमे लीकेजनुं काम करो छो ने? अमारी टांकी जरा जोई आपो."

मी गच्चीवर जाऊन टाकी पाहिली. तळाशी सांधा सुटला होता. त्यातलं मला काही करता आलं नाही, पण बेनने तरीही चहा दिला आणि वहिनी आठवडाभर हसत होती.

त्या उन्हाळ्यात दादाची बदली भावनगरला झाली. सामान बांधताना त्याने मला बाजूला घेतलं. त्याच्या मित्राने माझ्यासाठी अजून एक जागा धरून ठेवली होती, पण तो तरी किती थांबणार? दादाचं म्हणणं सरळ होतं. विद्यापीठातलं शेवटचं सेमिनार दिवाळीआधी आहे, ते झालं तर प्रबंध पुरा कर, आपण आनंदच करू. नाही झालं तर आता पुरे, दिवाळीनंतर रुजू हो. मी कबूल झालो. हातात तसा निकाल असताना मला कसली भीती? वहिनीने निघताना स्वतःची वेगळी अट घातली.

"फोनवर तुम्ही 'बरं आहे' एवढंच म्हणता. मला ते नको. लिहून पाठवा, पहिल्यासारखं."

लिहीन म्हणालो. सगळा पावसाळा गेला, लिहिलं नाही. फोनवर बरं आहे म्हणत राहिलो.

श्राद्धाच्या दिवसांत सरांनी सेमिनारची तालीम ठेवली. मी पडद्यावर पहिलं पान लावलं, त्यावर पट्ट्याच्या परीक्षेचा तो पहिल्या वर्षीचा आलेख. सरांनी विचारलं, हा कधीचा? मी सांगितलं. ते म्हणाले, "जूनुं नहि चाले. फरी चलाव." पुन्हा चालव, एवढंच. रागावून नाही. ज्या प्रोग्रामने निकाल काढला त्याचीच परीक्षा हवी, हे त्यांना उघड होतं. खरं तर कोणालाही उघड होतं.

मी दुपारी परीक्षा लावली आणि सेव-उसळ खायला खाली उतरलो. परत आलो तर आलेख तयार होता. पट्टा सुरू झाला आणि बघता बघता विरून गेला होता. शांत प्लाझ्मात, कोणी धक्का दिलेला नसताना. मी पुन्हा लावली. पुन्हा तेच. मग मी प्रोग्राममधली ती नियम बदललेली ओळ उघडली.

ती चूक इतकी आमच्या धंद्यातली आहे की घरी कोणाला सांगायचं तरी हसू येतं. इलेक्ट्रॉन फार चपळ असतात. चुंबकाच्या रेषेवरून धावत ते बांगडीला वेढे घालतात आणि विजेच्या दाबात कुठे उंचसखल असलं तर तिथे गोळा होऊन ते सारखं करून टाकतात. प्रत्येक इलेक्ट्रॉनच्या मागे न धावता आम्ही एका ओळीत तो नियम लिहितो. पण दाबाचा जो भाग सगळ्या वेढ्यावर सारखाच आहे, त्याला ते काय सारखं करणार? धावायला फरकच नाही. म्हणून तो सरासरीचा भाग आधी वजा करायचा असतो, आणि पट्टे म्हणजे नेमका तोच भाग. बारीक भोवऱ्यांच्या हिशेबात ही वजाबाकी लागत नाही, म्हणून मी ती काढली होती. मोठ्या भोवऱ्यांकडे परत आलो आणि ती परत घातलीच नाही. माझे इलेक्ट्रॉन वर्षभर पट्टे पुसत बसले होते. ह्या विद्येच्या सुरुवातीच्या काळात हे शहाण्या माणसांच्या हातून झालेलं आहे आणि नव्या मुलांना ते सांगतातही. मलाही सांगितलेलं होतं.

मी सरांच्या खोलीत गेलो आणि सांगितलं. त्यांनी ओळ पाहिली, चष्मा काढून पुसला, पुन्हा पाहिली. मग माझ्यासमोरच परिषदेला पत्र लिहिलं की आमचा सारांश मागे घेत आहोत, निकालात चूक आहे. खाली दोघांची नावं. मी म्हणालो की सर, माझं एकट्याचं नाव घाला. ते म्हणाले, "भूल आपणी छे. तारी एकलानी नथी." आणि चहा मागवला.

ओळ दुरुस्त करून मी पुन्हा हिशेब लावला. रांगेत आमचा नंबर येऊन तो पुरा होईपर्यंत नवरात्र सुरू झालं होतं. उत्तर आलं ते सगळ्यांचं येतं तेच आलं. बरोबर उत्तर. त्यात नवं काहीच नव्हतं. दिवाळीआधी सेमिनार करायचं तर सांगायला काही उरलं नव्हतं, आणि ते पुढे ढकलल्याचा कागद आला तेव्हा दादाला दिलेला शब्दही गेला.

फोन केला तो दादानेच उचलला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि फार मायेने बोलला. जागा अजून आहे, म्हणाला, शिकलेलं कुठे वाया जात नाही, तू ये. त्याच्या आवाजात माझा पराभव कुठेच नव्हता, उलट हायसं वाटल्याचा सूर होता, त्यामुळे मला जास्तच वाईट वाटलं. मी हो म्हणण्याच्या बेतात होतो. तेवढ्यात वहिनीने फोन घेतला.

"भावोजी, माझं पत्र कुठे आहे?"

मी म्हणालो, आता काय लिहू, सगळं दादाला सांगितलंय.

"दादाला सांगितलंत ते नोकरीचं. बांगडीचं मला कोणी सांगितलं नाही. पत्र आल्याशिवाय ह्या घरात काही ठरणार नाही." आणि बाजूला तोंड करून दादाला म्हणाली, "तुम्हीही त्या मित्राला फोन करायचा नाही."

म्हणून मी पत्र लिहायला बसलो. रविवारची सकाळ होती, घरात कोणी नव्हतं. खरं सांगायचं तर मी हे कळवायला बसलो होतो की मी नोकरीवर जातो. पण तिचा नियम हातात मुरलेला होता. आधी काय झालं ते सांगायचं, वगैरे म्हणून सरकायचं नाही. ते सांगता सांगता पत्र दुसरीकडेच गेलं. पत्राचा कच्चा कागद माझ्याकडे राहिला, त्यावरून उतरवतो. मी अजूनही हेच काम करतो, तेव्हा पुढे काय झालं ते वेगळं सांगायला नको.

वासणा, रविवार

वहिनी,

दोघांना नमस्कार. दादा ड्यूटीवरून आला असेल तर त्याला आधी चहा दे आणि मग हे मोठ्याने वाचून दाखव. पत्र लांब आहे. उशीर झाला हे मला माहीत आहे, तू बोलायच्या आधी मीच मान्य करतो.

वरच्या बेनची टाकी पुन्हा गळते आहे. त्यांनी मला आता सांगणं सोडून दिलंय.

माझी गळती मात्र थांबली, तेच सांगायचं आहे. तुला आठवतं का, आपण गरब्याला गेलो होतो, तू आतल्या वर्तुळात आणि मी बाहेरच्या, आणि दोन टाळ्यांत आपली ताटातूट झाली? ज्या पट्ट्यांबद्दल मी तुला सांगायचो ते तसे असतात. शेजारची दोन वर्तुळं वेगवेगळ्या वेगाने गेली की मधे हात धरून कोणाला उभं राहता येत नाही. भोवऱ्यांचं तेच होतं. आतली बाजू एकीकडे ओढली जाते, बाहेरची दुसरीकडे, आणि भोवरा फाटतो. मग तो उष्णता फार लांब नेऊ शकत नाही. माझ्या हिशेबात ही वर्तुळंच नव्हती. ती नव्हती कारण मी एक वजाबाकी करायला विसरलो होतो. म्हणजे मैदान होतं, माणसं होती, ढोल होता, आणि वर्तुळ धरू लागलं की माझाच एक नियम येऊन त्यांना पांगवत होता. मग धक्काबुक्की होणारच. ती धक्काबुक्की मोजून मी तुला शोध म्हणून सांगितली आणि तू साखर दिलीस. ती साखर मी परत करणार नाही, पण ती उधार समज.

सगळं दुरुस्त करून मी मध्यंतरी पुन्हा चालवलं. दादाला फोनवर उत्तर सांगितलं, पण ते दिसलं कसं ते सांगायचं राहिलं. आधी सगळं पहिल्यासारखंच झालं. भोवरे उठले, गळती वाढत गेली, मला वाटलं काहीच बदललं नाही. आणि मग भोवऱ्यांच्या गर्दीतून पट्टे उभे राहिले. एक इकडे जाणारा, एक तिकडे, पुन्हा इकडे. कोणी सांगितलेलं नाही, मी कुठे लिहिलेलं नाही. मी फक्त त्यांना पुसणं थांबवलं होतं. भोवरे लहान झाले आणि गळतीची रेघ खाली आली आणि तिथेच राहिली. पुस्तकात हे चित्र मी खूपदा पाहिलंय. पण हे माझ्या खोलीत, माझ्या प्रोग्राममधून आलं होतं. मी सरांना बोलवायला उठलो आणि अर्ध्या वाटेतून परत आलो, कारण मला आधी आणखी थोडं एकट्याने बघायचं होतं.

आता दादासाठी. दादा, फोनवर मी जवळजवळ हो म्हणालो होतो. हे लिहायला बसलो तेव्हाही नोकरीला येतो असंच लिहिणार होतो. पण वरचं सगळं लिहिल्यावर मला ते लिहिता येत नाही. माझ्याकडे मोठा शोध नाही. सरही म्हणतात की प्रबंध साधा होईल. पण चुकीच्या वर्षातून एक गोष्ट हाती लागली आहे. माझ्याकडे वर्तुळं नसलेला प्लाझ्मा आहे आणि वर्तुळं असलेलाही आहे. ती वजाबाकी मी थोडी थोडी करत गेलो, तर पट्टे नेमके कधी धरायला लागतात ते बघता येईल. सरांना हे पटलं आहे. मला होळीपर्यंत वेळ हवा. ती जागा दुसऱ्या कोणाला मिळू दे, त्यालाही घर असेल. तू रुळांवर चाललास म्हणून मी इथे बसून हे बघू शकतो, हे मी विसरलेलो नाही आणि विसरणार नाही. तरीही मागतो आहे.

वहिनी, तुझं स्टूल दाराजवळच आहे. मी त्यावर कपडे ठेवत नाही. दिवाळीला आलात की राहिलेलं तोंडी सांगेन. कढी मी आता स्वतः करतो, आणि पातळ होते, हे तुला सांगायला हरकत नाही.

दादा काय म्हणतो ते कळव. पण फोनवर 'बरं आहे' म्हणू नकोस. लिहून पाठव.

तुझे
भावोजी